हेडाऊबाईंचे ससे आणि आमचं सॅम्पल

हेडाऊबाईंनी पहिल्या भेटीतच मला जीभ बाहेर काढायला लावली.

नंदनवनातल्या त्या बैठ्या घरात मी नवी नवरी म्हणून आले, त्याला जेमतेम आठवडा झाला असेल. नवरा गिरणीत गेलेला, सासूबाई रेशनच्या रांगेत. दारात एक उंच, काटक बाई लेडीज सायकल भिंतीला टेकवून उभी राहिली. अंगावर पांढरं सुती पातळ, अंबाड्यात खोचलेली लाल पेन्सिल, मनगटावर पुरुषी घड्याळ. नाव नाही, गाव नाही, म्हणाली, "तूच का वं गिरजाबाईची सून? जीभ काढ."

मी काढली. मला कुणीही काहीही ठामपणे सांगितलं की मी ते आधी करते आणि मग घाबरते.

"आता दोन्ही कडा वर वळव. पन्हाळीसारखी. हां! वळते. शाबास." बाईंनी पेन्सिलीनं स्वतःच्या तळहातावर एक रेघ मारली. "आता कानाची पाळी दाखव. सुटी हाय. अंगठा मागं वाकव. वाकत नाही. ठीक हाय. तुह्या घरचे अजून कोन कोन हाय?"

"सासूबाई आणि हे."

"तुहा नवरा माह्याकडं नोंदवून झाला. वळते त्याची. तुही सासू जीभ दाखवत नाही. तिले समजाव." आणि सायकलवर टांग टाकून गेल्यासुद्धा.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आली होती का मास्तरीन? आन तू दाखवली? अवं, डॉक्टर सोडून कोनाले जीभ दाखवाची नसते. उद्या दात मोजन ते."

हेडाऊबाई महालातल्या एका मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या आणि आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहायच्या. मॅट्रिकच्या वर्गाला आनुवंशिकता शिकवायची, तर पुस्तकातली परदेशी उदाहरणं कशाला, आपली गल्ली काय मेली आहे का, असा त्यांचा सवाल. म्हणून त्यांनी सगळ्या गल्लीच्या जिभा तपासल्या होत्या. दूधवाला, इस्त्रीवाला, निवृत्त हवालदार, कुणालाही सोडलं नव्हतं. त्याचा परिणाम असा झाला की पोरांनी रविवारच्या क्रिकेटचे दोन संघ त्यावरूनच पाडले, वळणारे आणि न वळणारे. न वळणारे कायम हरायचे. त्यांच्यातल्या एकाची आई बाईंकडे भांडायला आली, की माह्या पोराच्या जिभेले तुमी नाव ठेवलं म्हणून त्याची बॅटिंग गेली. बाईंनी तिचीच जीभ पाहिली आणि म्हणाल्या, "यात माहा काय दोष? तुमच्याकडूनच गेली हाय."

माझं शिक्षण सहावीपर्यंत. माहेर हातकणंगल्याकडचं, घरात माग. आई आजारी पडली तेव्हा वडिलांनी मला शाळेतून काढून कांड्या भरायला बसवलं, आणि तिथून उठले ती बोहल्यावरच चढले. नागपूर म्हणजे आमच्याकडून दोन दिवसांचा प्रवास, तीन ठिकाणी गाडी बदलायची. इथली भाषा मराठीच, पण मला आधी ती कळेना. "काहून रडून राहिली?" असं कुणी विचारलं की 'काहून' म्हणजे काय ह्या विचारात माझं रडू थांबायचं. माझा स्वभाव मूळचाच घोर लावून घेण्याचा. दूध उतू गेलं तरी मला वाटायचं, आता काहीतरी होणार.

हेडाऊबाईंकडे माझ्या घोरावर एकच औषध होतं. मी तोंड पाडून दारात बसलेली दिसले, की सायकलवरूनच ओरडायच्या, "शालन, श्वसन चालू हाय?"

"हाय."

"पचन?"

"व्हय."

"उत्सर्जन झालं का सकाळी?"

इथे मी पदर तोंडावर घ्यायची, कारण समोर हवालदार पेपर वाचत बसलेले असायचे.

"अवं बोल न! झालं ना? मंग सजीवाची सारी लक्षनं तुह्यात हाय. तू जिवंत हायेस. बाकी सारं फालतू." आणि निघून जायच्या. त्या गेल्यावर मला खरंच बरं वाटायचं, हे मी आजही कबूल करते.

बाईंचं बोलणं असंच होतं. अर्धं नागपूरचं आणि अर्धं पाठ्यपुस्तकाचं. जेवलीस का असं कधी विचारलं नाही. "अन्नग्रहन झालं का?" लग्न का नाही केलं, असं एकदा हवालदारांच्या बायकोनं खोदून विचारलं, तर म्हणाल्या, "अमिबा करते का लग्न? एकटाच राहते, मनात आलं की दोन होते. मले अजून मनात नाही आलं." ती बिचारी आठवडाभर सगळ्यांना विचारत होती की अमिबा म्हणजे कुठल्या गावाकडचे लोक.

माणसांची त्या सरळ वर्गवारी करायच्या. उधार मागणारा गोचीड, म्हणजे परजीवी. पावसाळ्यातच गल्लीत दिसणारा नगरसेवक उभयचर. आणि माझा नवरा अपृष्ठवंशीय. हे त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितलं. मनोहर, म्हणजे आमचे हे, फार सज्जन माणूस, पण आई एक बोलली आणि बायको दुसरं बोलली की ते चप्पल घालून पानठेल्यावर जायचे. बाई त्यांना म्हणाल्या, "मनोहर, शरीरात हाडं दोनशेच्या वर हाय तुह्या, पन पाठीचा कना कुठं ठेवला गा? गांडुळाले कना नसते, पन ते निदान जमीन तरी सुपीक करते." ह्यांनी हसून घेतलं. त्याला कणा लागत नाही.

झुरळांचा प्रकारही सांगते, म्हणजे बाई चुकायच्या कशा ते कळेल. अकरावीच्या मुलींना झुरळ उघडून दाखवायचं होतं. शाळेकडे झुरळं नव्हती, आणि असती तरी मुख्याध्यापकांनी कबूल केली नसती. बाईंनी गल्लीत जाहीर केलं, एका जिवंत झुरळाला एक लिमलेटची गोळी. पहिल्या दिवशी डबाभर झुरळं आली. दुसऱ्या दिवशी दोन डबे. बाई खूश. पुढे पुढे डबे इतके भरून यायला लागले की बाईंना शंका आली. मग कळलं की पोरं दप्तरात, माळ्यावर, मोरीच्या फटीत गुळाचे खडे टाकून झुरळं पाळत होती. एकानं तर आईच्या पिठाच्या डब्यात 'शेती' केली होती. सगळ्या आया लाटणी घेऊन बाईंच्या दारात. बाई शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, "अन्न मुबलक, शत्रू कमी, मंग प्रजनन वाढनारच. हे तुमच्या पोरायनं मले प्रयोग करून दाखवलं. त्यायले मारू नका." त्या वर्षी आमच्या गल्लीइतकी झुरळं अख्ख्या नागपुरात नसतील.

तर अशा बाई. आता मला ज्यासाठी लिहायचं आहे तिथे येते.

लग्नानंतर दोन वर्षांनी मला मुलगी झाली. सरकारी दवाखान्यात. जन्मतः तिला कावीळ होती, म्हणून तिला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं. परत माझ्या कुशीत आणून दिली तेव्हा तिनं पहिल्यांदा नीट डोळे उघडले आणि सासूबाई खाटेपासून एक पाऊल मागे सरकल्या.

डोळे घारे होते. मधासारखे.

"मायबाई!" सासूबाई म्हणाल्या. "हे आपली नाही. बदललं लेकरू."

आणि बाजूच्या खाटेवरच्या बाईचे डोळे घारे होते. तिला मुलगा झाला होता. एवढं सासूबाईंना पुरलं. त्यांचा हिशेब असा, की घाऱ्या डोळ्याची पोरगी ती त्या बाईची, आणि काळ्या डोळ्याचा तो पोट्टा आपला. "आमच्या घरात कोनाचेच डोळे असे नाही. मनोहरचे नाही, त्याच्या बापाचे नव्हते. हे आलं कुठून?"

मी भीत भीत सांगितलं, माझ्या धाकट्या मावशीचे डोळे घारे आहेत. तर म्हणाल्या, "तुही मावशी तिकडं कोल्हापुराकडं. तिचे डोळे टपालानं आले का?"

सासूबाई वाईट नव्हत्या हो. उलट. त्या मुलीला रोज तेल लावून न्हाऊ घालायच्या, आणि आपल्या नातवंडाला जेवढं जपलं नसतं तेवढं जपायच्या. म्हणायच्या, "परक्याचं लेकरू हाय. वापस द्याचं हाय. जसं आनलं तसं, उलट अजून गुबगुबीत करून द्या लागते. नाही त म्हनतीन, गिरजाबाईनं पोट्टी वाळवली." पण बारसं करायला त्या तयार नव्हत्या. दुसऱ्याच्या पोरीचं नाव आपण काहून ठेवायचं? तिची खरी माय ठेवील. सव्वा महिना उलटला, दोन उलटले, पोरीला नाव नाही. सासूबाईंचा भाऊ उमरेडला होता, निवृत्त जमादार. दिवाळी झाली की तो येणार, त्या घाऱ्या डोळ्याच्या बाईचं घर हुडकून काढणार, आणि मग अदलाबदल. त्यांनी दिवस ठरवल्यासारखंच केलं होतं. मनोहर पानठेल्यावर.

आणि माझं काय सांगू? मी रडायची, पोरीला घट्ट धरायची. पण माझ्याच मनात कीड पडली होती. मी तिची नखं बघायची, पावलं बघायची, की माझ्यासारखं काही सापडतंय का. सापडायचं नाही. तान्ह्या पोराचं पाऊल कुणासारखं असतं? हिला घेऊन माहेरी पळावं, तर दोन दिवसांचा प्रवास, आणि तिथे गेल्यावर बापानं विचारलं असतं, कुणाची पोर आणलीस?

हेडाऊबाईंना हे कळलं ते माझ्या रडण्यानं नाही. एका संध्याकाळी त्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "पोट्टीले आवाज देऊन राहिली होती मी. नाव काय हाय वं हिचं?"

मी सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरला, की मला त्यांचा रागच आला. माझं लेकरू जाणार होतं, आणि ह्यांना लॉटरी लागल्यासारखं झालं होतं.

"अवं शालन," त्या म्हणाल्या, "हे त माह्या पुस्तकातलं सॅम्पल हाय!"

तेव्हापासून गल्लीभर माझ्या मुलीचं नाव 'सॅम्पल' पडलं. दूधवाला विचारायचा, सॅम्पल झोपलं का? नाव नसलेल्या पोरीला लोक तरी किती दिवस 'ते' म्हणणार!

बाईंनी सासूबाईंना समोर बसवलं. परदेशात एक साधू होता, मठात राहायचा, वाटाणे लावायचा, असं सुरू केलं. सासूबाई म्हणाल्या, "साधू आन वाटाने? चेल्यायले काय खाऊ घालत होता, उसळ?" बाईंनी वाटाणे सोडले. बोटं पुढे केली. "पाहा गिरजाबाई. हरेक गुनाचे दोन हिस्से असते. एक मायकडून येते, एक बापाकडून. काळा डोळा जबरदस्त, त्याले म्हनते प्रभावी. घारा डोळा गरीब, अप्रभावी. दोघं एका घरात आले की काळा समोर बसते, आन घारा आत लपून राहते. दिसत नाही, पन असते. मंग कधी दोन्हीकडचे लपलेले घारे एका लेकरात भेटले, की तो बाहेर येते."

"म्हंजे शालनच्या माहेरचं हाय म्हना न."

"एका बाजूनं होतच नाही! दोन्हीकडून पाहिजे. मनोहरमधे पन लपलेलं पाहिजे. म्हंजे तुमच्यात नाही त तुमच्या मालकात."

"माह्या घरात कोनी घाऱ्या डोळ्याचं नव्हतं," सासूबाई एकदम तोडून म्हणाल्या. "लपलेलं म्हने! लपलं हाय त तुमाले दिसलं कसं?"

ह्याला बाईंकडे उत्तर होतं, आणि ते मागच्या अंगणात गवत खात होतं.

कामठीच्या छावणीतल्या एका बँडवाल्याकडून बाईंनी सशांची एक काळी जोडी आणली होती. वेताच्या टोपलीत घालून, वर ओलं फडकं टाकून, बसमधून. कंडक्टरनं विचारलं तर "पालक हाय" म्हणून सांगितलं, आणि पालक कामठीपासून नागपूरपर्यंत उड्या मारत आला. दोन्ही ससे कोळशासारखे काळे. बाई म्हणाल्या, "ह्या दोघायची माय पांढरी होती. म्हंजे दोघायच्या आत पांढरा लपला हाय. आता ह्यायले पिल्लं होऊ द्या. काळ्या-काळ्याच्या पोटी पांढरं निघालं, त मानसात काहून नाही?"

सासूबाईंनी दोन्ही सशांकडे पाहिलं आणि कान झाकले. "दोघायची माय एकच? राम राम! बहीन-भावाचं लग्न लावून राहिल्या?"

"माय वेगवेगळी वं! दोन पांढऱ्या होत्या."

"मंग चालते," सासूबाई म्हणाल्या. "पन त्या माया कुठं हाय? दाखवा."

इथे बाई जरा अडखळल्या. "त्या बँडवाल्यानं खाल्ल्या."

"वा! पुरावा खाऊन बसले!"

पण पहिली वीण झाली. पिल्लं जन्मतः उघडी, केस नसलेली. सासूबाई डोकावून म्हणाल्या, ही तर उंदरं हाय. चार-पाच दिवसांनी लव फुटली आणि बाकी सगळी काळी, पण एक पांढरं शुभ्र निघालं. मी आनंदानं रडले. बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून हवेत फिरवली.

सासूबाईंनी ते पांढरं पिल्लू उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बदललं."

"काय?"

"दवाखान्यात बदलू शकते, त पिंजऱ्यात काहून नाही बदलत? तुमचं दार सारा दिवस उघडं राहते. तुमी शाळेत जाता. शालननंच आनून टाकलं असन बाजारातून. तिच्या पोट्टीचा मामला हाय."

मला वाटलं, आता बाई चिडतील. मी चिडले होते, मनात. पण हेडाऊबाईंनी सासूबाईंचा हात धरला, आणि भर अंगणात टाळी वाजवून म्हणाल्या, "गिरजाबाई! अकरावीच्या एका पोट्टीनं अजून असा प्रश्न नाही विचारला मले! बराबर हाय तुमचं. मी कुलूप लावालेच पाहिजे होतं. आता तुमीच लावा. दुसरी वीन तुमच्या ताब्यात."

सासूबाईंना हे अपेक्षित नव्हतं. पण मागे हटण्याचा स्वभाव नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी आपली बाज बाईंच्या अंगणात नेऊन टाकली. ट्रंकेचं कुलूप पिंजऱ्याला, किल्ली कमरेला. सकाळी सहाला त्या बाजेवर बसायच्या. तुरीच्या शेंगा सोलायच्या, वाती वळायच्या, सॅम्पलला मांडीवर घेऊन पाय चोळायच्या, पण नजर पिंजऱ्यावर. गवत मी आणायचं, पण आत टाकायचं त्यांनीच, आणि तेही झटकून, न जाणो त्यात कुणी पिल्लू लपवलं असेल! अंधार पडला की पिंजरा उचलून आमच्या स्वयंपाकघरात. बाईंना त्यांच्याच सशांना हात लावायची बंदी. हवालदार एकदा कौतुकानं जवळ आले तर त्यांना म्हणाल्या, "दूर! खिसे दाखवा."

मी मात्र आत तळमळत होते. दिवाळी जवळ आली होती. जमादार मामांचा निरोप आला होता की फराळ झाला की निघतो. मी बाईंना हळूच विचारलं, ह्या वेळी सगळीच काळी निघाली तर?

"निघू शकते," बाई म्हणाल्या. "चारातलं एक, हा अंदाज हाय वं. कुदरत माह्या बापाची नोकर नाही."

"मग?"

त्यांनी मला नेहमीसारखं श्वसन, पचन काही विचारलं नाही. सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवली. तेव्हा कळलं, बाईंनाही घोर लागतो.

धनत्रयोदशीच्या सकाळी काळ्या मादीनं स्वतःच्या अंगाचे केस उपटून गवताचा बिछाना केला, आणि दुपारपर्यंत त्यात वळवळ दिसायला लागली. सासूबाईंनी आपल्या हातानं कुलूप काढलं. बाई दाराशी हात मागे बांधून उभ्या, वर्गातल्या शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. पिल्लांतली काही गडद करडी होती. दोन मात्र गुलाबी.

"हे दोन असे काहून?" सासूबाई म्हणाल्या.

"थांबा," एवढंच बाई बोलल्या.

लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. आमच्या घरी त्या वर्षी चकल्या जळल्या, करंज्या फुटल्या, कारण सगळ्यांचं लक्ष पिंजऱ्यात. भाऊबीजेला जमादार मामा मिशा पिळत आले, पिशवीत गाठी-शेव घेऊन. "चला, कुठं हाय ते पोट्टी? कोनाचं घर हुडकाचं हाय?" मनोहर चप्पल शोधू लागले.

सासूबाई बाजेवरून उठल्याच नाहीत. त्यांनी पदरात दोन्ही गुलाबी पिल्लं घेतली होती. ती आता गुलाबी नव्हती. पांढरी लव उन्हात चमकत होती. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची. त्यांनी एकेका पिल्लाची लव उलटी फिरवून मुळापर्यंत पाहिली, आणि जमादार मामांनीसुद्धा मिशा पिळायचं थांबवलं.

"दादा," त्या शेवटी म्हणाल्या, "आपल्या मायचे डोळे कसे होते?"

मामा एकदम खाली बघायला लागले. "आता ते काहून काढलं, गिरजे?"

"सांग न."

"घारे होते," मामा म्हणाले.

मग सासूबाईंनी सांगितलं, आम्हाला नाही, त्या पिल्लांनाच सांगितल्यासारखं. उमरेडला त्यांची आई मागावर बसायची. गावातली पोरं तिला मांजरी म्हणून चिडवायची. सासूबाईंना पाहायला पाहुणे आले, तेव्हा आईला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली होती, की पोरीच्या मायचे डोळे पाहून पाहुणे पळतील. आईनंच सुचवलं होतं ते. "लग्न झालं, आन मी बी कोनाले सांगितलं नाही. सांगाचं नाही, सांगाचं नाही, करता करता मलेच वाटे, तिचे डोळे काळेच होते."

मी रडत होते. मनोहर चप्पल हातात घेऊन उभे होते.

"दोन्ही डोळे घारे होते का एकच?" हेडाऊबाईंनी विचारलं. अंबाड्यातली पेन्सिल हातात घेऊन, तळहात पुढे करून त्या तयार होत्या.

"दोन्ही वं मास्तरीन!" सासूबाई ओरडल्या. "एक डोळा कोनाचा घारा असते?"

"असते कधी कधी. विचारून घेतलेलं बरं." आणि बाईंनी तळहातावर रेघ मारली.

बारसं त्याच आठवड्यात झालं. सासूबाईंनी नाव ठेवलं अनसूया, त्यांच्या आईचं. मामा त्या नावाला इतके रडले, की पाहुण्यांना वाटलं कुणीतरी गेलं. गल्लीनं अनसूया म्हणायचं नाकारलं. आज माझी मुलगी स्वतः आजी व्हायच्या वयाला आली, आणि नंदनवनात गेली की अजून कुणीतरी म्हातारा विचारतोच, सॅम्पल कशी आहेस? तीच मला सांगते, आई, डोळ्यांचा रंग इतका सोपा नसतो, त्यात पुष्कळ जनुकं असतात, आणि जिभेचं तर तसं काही ठरलेलंच नाही. असेल. पुस्तकं बदलतात. माझी मुलगी बदलली नाही, एवढं मला बाईंमुळे कळलं.

ससे मात्र थांबेनात. सासूबाई पिंजऱ्याजवळून उठल्या, पण सशांना कुणी सांगितलं नाही की प्रयोग संपला. वर्षभरात इतके झाले, की सासूबाई हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या ओटीत नारळाऐवजी ससा घालू लागल्या.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते एस.टी. स्टँडवर. शाळेतून निवृत्त होऊन त्या भंडाऱ्याला बहिणीकडे कायमच्या निघाल्या होत्या. आम्ही तिघी पोचवायला गेलो होतो. सासूबाईंनी डब्यात पातोड्या दिल्या, आणि सूचना, की दुपारच्या आत खा. इतक्या वर्षांत मी त्यांना आभार असे मानलेच नव्हते. मानायला गेले असते, तर त्यांनी पचन विचारलं असतं. बाई खिडकीशी बसल्या, मांडीवर एक बरणी, बरणीत काय ते मी विचारलं नाही.

त्यांच्या शेजारच्या सीटवर एक जाडजूड बाई भाजीची टोपली घेऊन बसली होती. तिनं खिडकीतून खाली अनसूयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा अनसूयाकडे. "काय सुंदर डोळे हाय वं पोट्टीचे! कोनावर गेली?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई छाती पुढे काढून म्हणाल्या, "माह्यावर! सारीच्या सारी माह्यावर गेली हाय!"

गाडी सुरू झाली. हेडाऊबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या, बोट वर करून, वर्गावर ओरडावं तशा ओरडल्या, "सारी नाही गिरजाबाई! चार हिश्श्यातला एकच हिस्सा! आजीचा चौथाच हिस्सा येते!"

"एक त एक!" सासूबाई गाडीमागे चार पावलं धावत ओरडल्या. "पन माहाच हाय न!"

धुरात बाईंचं ते वर केलेलं बोट तेवढं दिसत होतं. अजून काहीतरी सांगायचं राहिलं होतं त्यांना, पण कंडक्टरनं त्यांना खांद्याला धरून आत ओढलं.